शंकेचे वजन

इंग्रजीत एखाद्या माणसाचे बरेवाईट कधी कधी एका क्रियाविशेषणाच्या जागेवर अवलंबून राहते, हे विधान वाचकांस अतिशयोक्तीचे वाटेल. मलाही ते एके काळी तसेच वाटले असते. परंतु नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, महाराष्ट्रापासून दूरच्या एका कचेरीत, मी लिहिलेल्या एका चौकशी-अहवालाने मला हा धडा कायमचा दिला. भांडारात माल कमी भरला होता. साठ्याची नोंदवही त्या महिन्यात भांडारपालाच्या ताब्यात नव्हतीच. तेव्हा तुटीची गोष्ट त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते, असा माझा निष्कर्ष होता. तो मी इंग्रजीत मांडला तो असा : ‘ही पॉसिब्ली कुड नॉट हॅव नोन’. मला म्हणावयाचे होते : ‘ही कुड नॉट पॉसिब्ली हॅव नोन’. शब्द तेच, संख्याही तीच. पण दुसऱ्या वाक्याचा अर्थ ‘त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते’ असा होतो, तर पहिल्याचा ‘त्याला ठाऊक असणे कदाचित शक्य नसेल’ असा. वरिष्ठांनी मी जे लिहिले होते ते वाचले. माझ्या मनातले वाचण्याचे त्यांना कारण नव्हते. भांडारपाल निर्दोष ठरण्याऐवजी संशयाचा फायदा मिळून सुटला. या दोन सुटकांत केवढे अंतर असते, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. त्याची बढती दीड वर्ष अडली.

मी ‘पॉसिब्ली’ हा शब्द पुढे का ओढला? अज्ञानामुळे म्हणावे, तर ते अज्ञान शिकून मिळविलेले होते. शाळेत आम्हांला बजावले होते की, क्रियापदाच्या दोन अवयवांमध्ये परका शब्द शिरू देऊ नये. मूळ नियम ‘टू’ आणि त्यापुढचे क्रियापद यांच्यापुरता होता, आणि तोही वादग्रस्तच. पण भीती नियमापेक्षा लांब पळते. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात या भीतीचा चांगलाच समाचार घेतला आहे. सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामधली जागा हीच क्रियाविशेषणाची स्वाभाविक जागा होय, आणि त्याला तेथून हुसकून लावणे हा निव्वळ भ्रम आहे, असे त्यांचे म्हणणे. फाउलर यांचा हा लेख मी त्या अहवालानंतर अनेक वर्षांनी वाचला. तोवर माझ्या शुद्धतेच्या हौसेची किंमत दुसऱ्याने मोजली होती.

प्रस्तुत लेखाचा विषय म्हणजे ही इंग्रजी सहायक क्रियापदे आणि त्यांच्या शेजारी बसणारी क्रियाविशेषणे यांचा संबंध. आपल्यापैकी पुष्कळांनी ही क्रियापदे तर्खडकरांच्या पाठमालेच्या परंपरेत, एकेक करून शिकलेली आहेत : ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘मे’ म्हणजे परवानगी किंवा संभव, ‘मस्ट’ म्हणजे पाहिजे. ही शिकवण खोटी नाही. ती अपुरी आहे. वाक्यात हे शब्द एकटे क्वचितच वावरतात. ‘वेल’, ‘हार्डली’, ‘पॉसिब्ली’, ‘शुअरली’, ‘ऑर्डिनरिली’ असा कोणी ना कोणी सोबती त्यांच्याबरोबर असतो, आणि वाक्याचे खरे वजन त्या जोडीत असते.

अशा जोड्या इंग्रजीत इतक्या का होतात, याचे एक कारण त्या भाषेच्या रचनेतच आहे. शक्यता, अनुज्ञा, कर्तव्य, अनुमान हे भाव सांगणारी तिची मुख्य सहायक क्रियापदे नऊ : कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट. या नवांना एक कडक शिस्त आहे. एका क्रियापदापाशी त्यांच्यापैकी एकच उभे राहू शकते. स्कॉटलंडच्या आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील काही बोलींत ‘माइट कुड’ अशी जोडगोळी ऐकू येते, परंतु प्रमाण इंग्रजीला ती मान्य नाही. आपल्या मराठीला असा सोवळेपणा नाही. ‘त्याला जावे लागणार असेल’ या साध्या वाक्यात कर्तव्य, भविष्य आणि अनुमान ही तिन्ही एका पंक्तीत सुखाने बसतात. इंग्रजीला हेच सांगावयाचे तर काही भार लांबच्या वळणाने जाणाऱ्या शब्दसमूहांवर टाकावा लागतो आणि काही क्रियाविशेषणावर. तेव्हा या ठिकाणचे क्रियाविशेषण शोभेचे नसते. ते दुसऱ्या सहायकाची उणीव भरून काढीत असते.

या संबंधाचा शास्त्रीय विचार इंग्रजी भाषाभ्यासकांनी बऱ्याच उशिरा केला. एम. ए. के. हॅलिडे यांच्या १९७० मधील एका निबंधात आणि पुढे जॉन लायन्स यांच्या १९७७ मधील अर्थविचारावरील ग्रंथात या जोड्यांच्या सुसंवादाची कल्पना आढळते. ‘मे’ संभव सांगतो, ‘पॉसिब्ली’ही संभवच सांगतो. दोघे एकत्र आले की संभवाचा संभव होत नाही, म्हणजे शंका दुणावत नाही. एकच शंका दोन तोंडांनी बोलली जाते. ‘मस्ट’ आणि ‘सर्टन्ली’ यांचेही तसेच. हा सुसंवाद आपल्या कानाला नवा नाही. ‘कदाचित तो आला असेल’, ‘बहुधा तो आला असावा’, ‘नक्की तो आला असणार’ या तीन वाक्यांत क्रियाविशेषण आणि क्रियापदाचे रूप एकमेकांना कसे शोभून दिसते पाहा. ‘कदाचित आला असणार’ म्हटले की कान लगेच कुरकुरतो. व्याकरणाचे पुस्तक न उघडता प्रत्येक मराठी माणूस हा सुसंवाद पाळतो. आपण तो इंग्रजीत हरवतो, कारण ती भाषा आपण कोशातून शिकलो, कानाने शिकलो नाही.

याहून मनोरंजक प्रकार विसंवादाचा आहे. सोबती सहायकाशी सहमत नसला म्हणजे काय होते? ‘मस्ट’चे दोन अर्थ आहेत : एक कर्तव्याचा, दुसरा अनुमानाचा. ‘परहॅप्स ही मस्ट गो’ असे म्हटले की अनुमान मागे सरते आणि कर्तव्य पुढे येते : कदाचित त्याला जावे लागत असेल. तसेच ‘मे’चे. ‘ही मे पॉसिब्ली अप्लाय’ यात संभव आहे. ‘ही मे सर्टन्ली अप्लाय’ म्हटले की संभव नाहीसा होऊन परवानगी उरते : त्याने खुशाल अर्ज करावा. म्हणजे सहायकाने कोणता अर्थ धारण करावा, हे पुष्कळदा त्याचा सोबती ठरवितो. नकार आला म्हणजे गुंता वाढतो. ‘मे नॉट’ याचा अर्थ मनाई असाही होतो आणि ‘कदाचित नाही’ असाही; ‘वेल’ मध्ये घालून ‘मे वेल नॉट’ केले की मनाईचा अर्थ सहसा गळून पडतो. ‘कॅनॉट पॉसिब्ली’ मध्ये ‘पॉसिब्ली’ नकाराच्या ताब्यात असते म्हणून तो नकार पक्का होतो. ‘पॉसिब्ली कॅनॉट’ मध्ये नकारच ‘पॉसिब्ली’च्या ताब्यात जातो म्हणून तो डळमळतो. माझ्या अहवालातील वाक्याचे मर्म एवढेच होते.

येथवर विषय व्याकरणाचा झाला. पण तो वाङ्मयाचाही आहे, आणि भाषाभ्यासकांकडे माझी थोडी तक्रार आहे ती याच ठिकाणी. त्यांची उदाहरणे पुष्कळदा एकेकट्या वाक्याची असतात, त्यामागे बोलणारा माणूस नसतो. वास्तविक या जोड्यांतून आधी दिसतो तो बोलणाऱ्याचा स्वभाव. एक साधी गोष्ट घ्या. ‘पाऊस पडतो आहे’ आणि ‘पाऊस नक्कीच पडत असणार’ या दोहोंत अधिक खात्रीचे वाक्य कोणते? अर्थात पहिले. ज्याने पाऊस पाहिला तो ‘नक्कीच’ म्हणत नाही. खिडकी बंद असलेला माणूस म्हणतो. इंग्रजीतील ‘मस्ट शुअरली’ हेही बंद खिडकीआडचे बोलणे आहे. भिंतीला जितके टेकू अधिक, तितकी ती भिंत कच्ची.

जेन ऑस्टिन हिची १८१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली ‘एमा’ ही कादंबरी या दृष्टीने वाचून पाहावी. एमा बुद्धिमान आहे, सहृदय आहे, आणि बंद खिडकीआडून जग ओळखण्याची तिला दांडगी हौस आहे. एल्टन नावाचा तरुण धर्मोपदेशक हॅरिएटच्या चित्राची वाखाणणी करतो, त्या अर्थी त्याचे मन हॅरिएटवरच बसले असले पाहिजे. जेन फेअरफॅक्सकडे कोणी न कळविता पियानो पाठविला, त्या अर्थी तो मिस्टर डिक्सनचाच असला पाहिजे. दोन्ही अनुमाने साफ चुकतात. एल्टन नाताळच्या आदल्या रात्री गाडीत मागणी घालतो ती खुद्द एमालाच, आणि पियानो पाठविलेला असतो तो जेनशी गुपचूप वचनबद्ध झालेल्या फ्रँक चर्चिलने. ऑस्टिनचे कौशल्य असे की, एमाची अनुमाने ती निवेदिकेच्या शांत स्वरातच सांगून जाते. ‘एमाला असे वाटले’ असा इशारा दर वेळी मिळत नाही. तो इशारा ‘मस्ट’मध्ये आणि त्याच्या निःशंक सोबत्यांमध्ये लपलेला असतो. पहिल्या वाचनात आपण एमाबरोबर फसतो. दुसऱ्या वाचनात त्या खात्रीच्या शब्दांनीच सावध होतो. भाषांतरकाराने हे ‘असले पाहिजे’, ‘असणारच’ सपाट करून नुसते ‘आहे’ केले, तर कथानक मराठीत येईल, पण कादंबरी मागे राहील.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये माळव्यातील देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराजांचे खाजगी चिटणीस होते; त्या दिवसांची पत्रे त्यांनी १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने प्रसिद्ध केली. त्यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी १९२४ ची. तिचा सारा पेच एका प्रश्नावर उभा आहे : मराबारच्या गुहेत डॉक्टर अझीझ ॲडेला क्वेस्टेडच्या पाठोपाठ शिरला होता काय? चंद्रपूरच्या क्लबातील इंग्रज मंडळींना या प्रश्नात शंकेला जागाच दिसत नाही. त्यांच्यातील कोणीही गुहेत नव्हते, म्हणूनच त्यांची खात्री एवढी दणकट. न्यायालयात सरकारी पक्षाला ॲडेलाकडून सरळ होकार हवा असतो. ती मात्र त्या क्षणी गुहेकडे मनाने पुन्हा पाहते, आणि आपल्याला खात्री नाही असे कबूल करते. आपली चूक झाली असे म्हणून फिर्याद मागे घेते. एका माणसाची अब्रू आणि स्वातंत्र्य या कबुलीने वाचते. गुहेत नेमके काय घडले, हे फॉर्स्टर वाचकाला अखेरपर्यंत सांगत नाहीत. ज्या राज्यात अधिकाऱ्याची खात्री हाच पुरावा मानला जाई, तेथे ‘कदाचित’ म्हणण्याला धैर्य लागत असे, हे या प्रसंगाइतके स्पष्ट मला अन्यत्र कोठे आढळले नाही.

आता आपल्या रोजच्या कामाकडे वळू. सर अर्नेस्ट गावर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून १९४८ मध्ये ‘प्लेन वर्ड्स’ हे छोटे पुस्तक लिहिले, आणि १९५४ मध्ये त्याची विस्तृत आवृत्ती सिद्ध झाली. सरकारी लेखकांनी निरर्थक क्रियाविशेषणे टाकून द्यावीत, हा त्यांचा उपदेश सर्वश्रुत आहे. तो पुष्कळ अंशी योग्यही आहे. परंतु तो सरसकट पाळणाऱ्या एखाद्या नवशिक्या अधिकाऱ्याने सेवानियमातील ‘शॅल ऑर्डिनरिली’ मधले दुसरे पद फालतू समजून खोडले तर काय होईल? ‘शॅल’ने लावलेल्या दाराला ‘ऑर्डिनरिली’ने एक खिडकी ठेवलेली असते. बदलीच्या दिवसांत त्या खिडकीतून कोण आत आले आणि कोणासाठी ती बंद राहिली, याचा हिशेब आपणा सर्वांच्या मनात असतो. खिडकी असावी की नसावी यावर मतभेद होऊ शकेल. ती शोभेसाठी आहे असे मात्र कोणी म्हणू नये. उघड्या ‘मे’लाही कायद्यात एकच अर्थ नाही. इंग्लंडच्या उमरावसभेने १८८० मध्ये ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या खटल्यात मूळ तत्त्व स्पष्ट केले : अधिकार देणारे शब्द स्वतः अधिकारच देतात, परंतु तो ज्या हेतूने व ज्यांच्यासाठी दिला त्यावरून त्यास कर्तव्यही जोडलेले असू शकते. म्हणजे जेथे सोबती शब्द नाही, तेथे त्याचे काम न्यायाधीशाला करावे लागते.

आपल्या कचेऱ्यांनी मात्र एक जोडी अशी घडविली आहे की तिचे श्रेय दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. ती म्हणजे ‘मे काइंडली’. ‘अप्रूव्हल मे काइंडली बी अकॉर्डेड’, ‘द फाइल मे प्लीज बी सीन’. एखाद्या इंग्रजाला यातला ‘मे’ क्षणभर बुचकळ्यात टाकतो, कारण त्याच्या बोलीत ‘मे’ने अशी विनंती होत नाही, ती ‘कुड यू पॉसिब्ली’ किंवा ‘वुड यू काइंडली’ यांनी होते. या वाक्यांची आपण फार थट्टा केली आहे. मला वाटते, थट्टेच्या आधी त्यांचे कूळ पाहावे. ‘मंजुरी मिळावी’, ‘कृपया अवलोकन व्हावे’, ‘कळावे, लोभ असावा’ हा आपला विध्यर्थ आहे, आणि हिंदीसारख्या शेजारभाषांतही त्याची भावंडे आहेत. आज्ञा न करता इच्छा सांगण्याची ही जुनी, सभ्य रीत इंग्रजीचा अंगरखा घालून टिपणीत येऊन बसली आहे. तिच्या सभ्यतेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच की, कर्मणी रचनेशी तिची गाठ पडली म्हणजे कर्ता अदृश्य होतो. मंजुरी ‘मिळावी’, कोणी द्यावी? कारवाई ‘व्हावी’; कोणी करावी? जुन्या मराठी पत्रात मायना असे, त्यामुळे विनंती कोणाला हे कागदावरच लिहिलेले असे. टिपणीत मायना नाही, आणि विध्यर्थ मात्र तोच. सौजन्य राहिले, जबाबदारी गळून पडली.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे इंग्रजीतून मराठीत आणणे, हाही याच कारणाने अवघड जातो. शब्दास शब्द ठेवणारा भाषांतरकार ‘मे वेल’ पाहून गोंधळतो, आणि ‘चांगल्या प्रकारे येऊ शकेल’ असे काहीतरी लिहून बसतो. ‘ही मे वेल कम’ याला मराठीत ‘तो येईलही’ एवढे पुरते, किंवा ‘तो आला तरी नवल नाही’. ‘ही मस्ट शुअरली नो’ म्हणजे ‘त्याला ठाऊक असणारच’. ‘यू माइट ॲज वेल गो’ म्हणजे ‘मग गेलेलेच बरे’. ‘आय कॅन हार्डली रिफ्यूज’ याला तर ‘मला नाही म्हणवत नाही’ हे इतके नेमके रूप आपल्यापाशी आहे की, मूळ वाक्यच त्याचे भाषांतर वाटावे. या सर्व ठिकाणी इंग्रजीने दोन शब्दांत वाटून दिलेले वजन मराठीने क्रियापदाच्या प्रत्ययात आणि ‘च’, ‘ही’ या एकाक्षरी अव्ययांत घेतले आहे. जी भाषा एका ‘च’ने संशय मिटविते आणि एका ‘ही’ने तो जागा ठेवते, तिला या बाबतीत गरीब म्हणण्याचे कारण नाही.

तात्पर्य एवढेच की, शंका ही अस्पष्टता नव्हे. ती मोजता येते, आणि मोजून लिहिता येते. जेवढी आहे तेवढीच लिहिणे हे लेखकाचे काम, आणि त्याहून कांकणभर अधिक ते अधिकाऱ्याचे. कारण लेखकाने खात्री वाढविली तर त्याची कथा बिघडते, अधिकाऱ्याने बिघडविलेली गोष्ट दुसऱ्याच्या घरात घडत असते. टिपणी पुरी झाल्यावर ती एकदा मनातल्या मनात मराठीत वाचून पाहावी, असा नियम मी त्या प्रकरणानंतर स्वतःस घालून घेतला. ‘शक्यच नाही’ म्हणावयाचे होते की ‘कदाचित शक्य नसेल’, हे मातृभाषा लगेच सांगते. तेथे फसवणूक चालत नाही.

त्या भांडारपालाच्या बाबतीत पुढे शुद्धिपत्र निघाले. ते मीच लिहिले, आणि एका ओळीचे होते : अहवालातील ‘पॉसिब्ली’ हा शब्द ‘कुड नॉट’ या शब्दांच्या नंतर वाचला जावा. इंग्रजीत अर्थातच मी ‘मे काइंडली बी रेड’ असे लिहिले. बढती त्याला मिळाली. मधले दीड वर्ष मात्र कोणत्याही शुद्धिपत्राने परत आले नाही.